जेवत नाहीस तर पाववाल्याला बोलावते

लहानपणी आमच्या घरात कोणी कोणाला ‘जेव’ म्हणून सांगितल्याचं मला आठवत नाही. आई-वडील दोघं मिठागरात राबायचे. संध्याकाळी थाळीत तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पडलं की ते आपोआप संपायचं, आणि पाच भावंडांत जो हळू खाईल त्याचं दुसरं कोणीतरी संपवायचं. त्यामुळे गावातल्या बऱ्या घरांत मुलांना भात भरवण्याचं जे शास्त्र होतं, त्याची मला मोठा होईपर्यंत गंधवार्ता नव्हती.

ते शास्त्र असं होतं. मूल जेवेना की आई खिडकीतून हाक मारायची, “पाववाले, जरा इकडे या हो. हा बघा जेवत नाही.” डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन चाललेला पाववाला दारात यायचा. पेटी खाली ठेवायचा, डोळे मोठे करायचा, खांदे कानापर्यंत ओढायचा, दाढी पुढे काढायचा आणि घशातून घोगरा आवाज काढून विचारायचा, “कोन जेवत न्हाय? घालू पेटीत?” मूल न चावता गिळायचं. आई हसायची. पाववाला पेटी उचलून पुढच्या दाराशी जायचा, तिथे दुसरं मूल ताटावर रडत बसलेलं असायचं.

या कामाचं तो काही घेत नसे. त्या घरांत पाव तरी रोज खपत असे असंही नाही. माडी घालून आंबवलेला आणि मुसलमानाच्या भट्टीतला पाव पुष्कळ घरांत चालत नसे. डॉक्टरांनी आजाऱ्याला सांगितला तर मात्र चाले, आणि त्या घरांत प्रकृत्या वरचेवर बिघडत.

आमचं गाव मुरुड आणि हरिहरेश्वर यांच्या मधल्या किनाऱ्यावरचं. एका बाजूला सुपारीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला कोळीवाडा, खाडीच्या तोंडाशी मुसलमानांचा मोहल्ला. नबाबाचं राज्य जाऊन गाव मुंबई राज्यात आलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्या दिवशी आम्हांला पेढे मिळाले आणि आता सगळे सारखे असं गुरुजींनी सांगितलं. ते मी मनापासून खरं धरलं. पुढे गावच्याच हायस्कुलाने मला फुकट शिकवलं, मुंबईला पाठवलं, आणि आमच्या कुळातला पहिला बी. ए. करून परत बोलावून मास्तरकीही दिली. या शाळेविरुद्ध एक शब्द लिहिणं मला अजून जड जातं. पण लिहितो.

नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला. आणि तो मुलगा जेवेना. आम्ही दोघं त्याच्याकडे कौतुकाने पाहत राहिलो. आमच्या घराण्यात अन्न नाकारणारा तो पहिलाच. शेजारच्या वकिलीणबाईंनी माझ्या बायकोला उपाय शिकवला, आणि एके दिवशी मी शाळेतून आलो तर आमच्या दारात पाववाला डोळे वटारून उभा. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. पाववाल्याला बोलावण्याइतके आपण वर आलो, असं वाटलं.

मला नोकरीला लागून चार वर्षं झाली असतील, तेव्हा वरून परिपत्रक आलं की शाळांनी राष्ट्रीय एकात्मतेचा सप्ताह साजरा करावा. आम्ही तो उत्साहाने केला. फलक रंगवले, प्रभातफेरी काढली, ‘सर्वधर्मसमभाव’ या विषयावर निबंध घेतला. पहिलं बक्षीस अकरावीतल्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गातल्या, वकिलांच्या मुलाला मिळालं. निबंध मीच तपासले होते. त्यात त्याने सगळ्या धर्मांना एकाच बागेतल्या फुलांची उपमा दिली होती आणि ती मला फार आवडली होती. मोहल्ल्यातून अकरावीपर्यंत आलेली एकुलती एक मुलगी, पाववाल्याची, तिलाही मी उत्तेजनार्थ दिलं. तिने फुलांविषयी काही लिहिलं नव्हतं. गावात कोणाच्या घरी पाणी मिळतं आणि कोणाच्या घरी ओसरीवरून परत पाठवतात, एवढंच साध्या भाषेत लिहिलं होतं. ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा मी तिच्या वहीवर मारला.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी शाळा दुपारी सुटली. दूरच्या कुठल्याशा शहरातल्या दंगलीची बातमी वर्तमानपत्रात आली होती आणि ती पारावर मोठ्याने वाचली गेली होती. अकरावीतले चार मुलगे मोहल्ल्याच्या टोकाला गेले. पाववाला दर शनिवारी पीठ आणायला बाहेर असतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पहारीने भट्टीचं तोंड फोडलं, आत शेण आणि कुजकी मासळी ओतली, आणि भिंतीवर कोळशाने ‘चालता हो’ असं लिहिलं. अक्षर सुरेख होतं. ते कोणाचं हे मी पाहताक्षणी ओळखलं, कारण दोन-तीन दिवसांपूर्वीच मी त्या अक्षरातली फुलं वाचली होती.

घरात त्या वेळी मुलगी एकटी होती. तिने आतून कडी लावली आणि बाप येईपर्यंत उघडली नाही.

हेडमास्तरांनी चौघांना बोलावलं. मी शेजारी उभा होतो.

“का केलंत?”

चौघं एकमेकांना कोपराने ढोसत राहिले. शेवटी सुपारीवाल्या व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला, “सर, तो तसलाच आहे. पोरं धरून नेतो.”

“कोणाची नेली?”

“ते नाही माहीत. पण लहानपणापासून सगळ्यांना माहीत आहे.”

बोलणाऱ्याला मिसरूड फुटलं होतं.

हेडमास्तर तसे भले गृहस्थ. त्यांनी चौघांना पाच-पाच छड्या मारल्या, आणि मुलं गेल्यावर मला म्हणाले, “पोरकटपणा आहे, दुसरं काही नाही. परीक्षा तोंडावर आली. मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे, वाढवू नका.”

भवितव्याचा प्रश्न दुसऱ्याच घरी उभा होता. मॅट्रिकचे फॉर्म येत्या शनिवारपर्यंत पाठवायचे होते, आणि पाववाल्याने आपल्या मुलीच्या फॉर्मवर सही करायला नकार दिला. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो खराट्याने भट्टी घासत होता.

“चाचा, पोर हुशार आहे,” मी म्हटलं. “गणितात वर्गात पहिली असते. एका सहीसाठी वर्ष घालवू नका.”

“परीक्षा कुठं हाय, मास्तर?”

“माणगावला.”

“कशी जानार ती?”

“सगळ्या मुलांबरोबर. एसटीने. मी आहे ना.”

“तेच चौघं असतील ना गाडीत?”

असणार होते.

“मग?” तो म्हणाला. “म्हसळ्यापतुर घाट हाय. तिथं दहा रोज ऱ्हायचं हाय. भट्टी फुटली, ती मी बांधीन. पोरीला काय झालं तर काय बांधू?” मग खराटा झटकत म्हणाला, “तिला वाचता येतं, हिशेब येतो. बस झालं. शनिवारनंतर भावाकडं मुंबईला धाडतो.”

“फौजदाराकडे तक्रार का करत नाही तुम्ही?”

“आनि परवा पाव कोन घेईल?”

मुलगी आतल्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बापाला म्हणाली, “अब्बा, परीक्षा मी देनार.” बाप खराटा घेऊन पुन्हा भट्टीत वाकला.

मी तरुण होतो, पदवीधर होतो आणि प्रत्येक गोष्ट सभा घेऊन सुटते अशी माझी श्रद्धा होती. मी पालकांची सभा बोलावली. बायकांनीही यावं असं मुद्दाम कळवलं. असलं आमंत्रण गावात प्रथमच, त्यामुळे उत्सुकतेपोटी बऱ्याच आल्या आणि मुलांच्या बाकांवर अवघडून बसल्या. मी रात्र जागून भाषण तयार केलं होतं. द्वेष हा घरात जन्मतो, असं त्याचं पहिलं वाक्य होतं.

पहिल्या वाक्याला सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्यांच्या घरांकडे पाहून.

वकीलसाहेब म्हणाले, “अगदी बरोबर. आमच्या घरात असलं काही नाही. आमचा मुलगा तर निबंधात पहिला आला. संगत वाईट.” आणि त्यांनी सुपारीच्या व्यापाऱ्याकडे पाहिलं.

व्यापारी म्हणाले, “माझा मुलगा कोळ्यांच्या पोरांत खेळतो, तिथून आलं हे.”

चौघांपैकी एक मुलगा कोळीवाड्यातला होता. त्याची आई मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून मागच्या बाकावर बसली होती. तिच्या आसपासचे दोन बाक मोकळे होते. ती उठली.

“मास्तर, एक इचारू? पाववाल्याचा धाक आमच्यात न्हायच. आमच्याकडं तो कशाला येतोय, आमाला पाव परवडत न्हाय. पोर जेवलं न्हाय तर आमी वकीलसायबांचं नाव घेतो.”

सभेत कोणीतरी खोकलं.

“माझं?” वकील म्हणाले.

“व्हय. काळा कोट घालून येतील नि घर लिवून घेतील म्हनलं की पोरं गुमान जेवतात.”

“हे फार झालं. आणि माझ्या घरावर कोणी दगड मारला तर?”

“तुमच्या घरावर कोन मारंल, सायेब? फाटकात कुत्रा हाय, दोन गडी हायेत,” ती म्हणाली. “माझ्या पोरानं गू खाल्ला, मी त्याला फोडून काढला. पर तो ज्या घरावर गेला तिथं ना कुत्रा ना गडी, म्हनून गेला. तुमचा बी म्हनूनच गेला.”

माझ्या भाषणाच्या अकरा पानांत एवढं काही नव्हतं. मी ती घडी करून खिशात घातली आणि सरळ विचारलं, की पाववाल्याचा धाक आपापल्या मुलांना कोणी घातला आहे त्यांनी सांगावं.

कोणी हात वर केला नाही. व्यापाऱ्यांची बायको म्हणाली, “अहो, ती गंमत असते. तो स्वतःच तोंडं करतो. त्याला काही वाटत नाही.” दुसरी म्हणाली, “मग मुलं जेवणार कशाने, ते तुम्ही सांगा.” हा प्रश्न सगळ्यांनाच बिनतोड वाटला. एका घरंदाज बाईंनी तोड सुचवली की धाक बंद करू, पण हळूहळू, कारण धाकटं अजून दोन वर्षांचं आहे.

तेवढ्यात वकिलीणबाई मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मास्तर, गेल्याच आठवड्यात तुमच्याही दारात उभा होता तो. मी शिकवलं हे खरं. पण तुम्ही ओट्यावर पेपर वाचत होतात.”

सभा हसली. मोठ्याने नाही, पण पुरेशी. एकात्मता म्हणतात ती त्या क्षणी साधली. वाडीतले आणि कोळीवाड्यातले, सगळे एकदम माझ्याकडे पाहून हसत होते.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग आता काय करायचं?” मी म्हटलं, मुलाला घेऊन पाववाल्याच्या घरी जायचं आणि आपण खोटं बोललो ते सांगायचं. ती म्हणाली, “तुम्ही जा. मी भात करून ठेवते.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन मी मोहल्ल्यात गेलो. पाववाला ओट्यावर माती कालवत बसला होता. आमची चाहूल लागून त्याने वर पाहिलं. दारात मूल दिसलं. आणि त्याचे डोळे मोठे झाले, खांदे वर गेले, दाढी पुढे आली. हात मातीत होते, तरीही. वीस-पंचवीस वर्षांची सवय. आवाज घशातून निघालाही होता.

मुलगा किंचाळून माझ्या मानेला लोंबकळला.

“अब्बा,” मुलगी आतून म्हणाली. “नको ना.”

त्याचा चेहरा जागच्या जागी उतरला. तो माणूस ओशाळलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. ज्यांनी ओशाळायला हवं होतं ते गावभर छान जेवत होते, आणि त्यांच्यापैकी एक तिथे उभा होता. मी मुलाला म्हटलं, “बाळ, आई-बाबा तुला खोटं सांगत होते. हे कोणाला धरून नेत नाहीत. हे चांगले गृहस्थ आहेत.” पुस्तकातल्यासारखं बोललो. मुलाला एक अक्षर कळलं नाही. तो रडतच राहिला.

“त्याला कशाला सांगता?” पाववाला म्हणाला. “त्याचं काय चुकलं? ज्यांना कळतं त्यांना सांगा. ते चौघं नि त्यांच्या आया हितं येऊ देत. हितं, माझ्या दारात. पोरीसमोर.”

“आल्या तर सही कराल?”

“येऊ तर देत.”

शनिवार तीन दिवसांवर आला होता. मी चारही घरी गेलो. व्यापाऱ्यांनी मला बसायला खुर्ची दिली, कोकमाचं सरबत दिलं आणि घरात आजारपण आहे असं सांगितलं. चौथ्या मुलाची आई माहेरी गेली होती, बहुधा त्याच सकाळी. वकील म्हणाले की असली कबुली कायद्याच्या दृष्टीने घातक ठरू शकते. वकिलीणबाई दाराआडून ऐकत होत्या.

शुक्रवारी दुपारी मी फॉर्म घेऊन पाववाल्याच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा कोळीण मुलाला दंडाला धरून घेऊन आली. येताना तिने पाववाल्यासाठी पाच-सहा बोंबील आणले होते आणि ते मुलीच्या हातात दिले. मुलगा पाववाल्याच्या पाया पडला. त्याने रडून घेतलं. ते सोपं झालं.

मग वकिलीणबाई आल्या. एकट्या, पायी, मुलाला पुढे घालून. बऱ्या घरातल्या बाईने मोहल्ल्यात येऊन उभं राहणं म्हणजे काय हे आज सांगून कळणार नाही. दारांत बायका गोळा झाल्या. बाई कुंपणाबाहेरच थांबल्या, आत पाऊल त्यांच्याने टाकवेना. तिथूनच आपल्यापेक्षा वीतभर उंच मुलाला म्हणाल्या, “मी तुला यांचा धाक घालत होते. ते खोटं होतं. तू जेवावास म्हणून.”

“मला माहीत होतं, आई,” मुलगा म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“खोटं आहे ते. पाचवीपासून माहीत होतं.”

“मग भट्टी का फोडलीस?”

मुलगा पायाने माती उकरू लागला. माझ्या मनात तेव्हा आलं की निदान एवढं तरी याला येत असेल, निबंधात पहिला आला आहे. बाईंनी पुन्हा विचारलं. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “यांना काय केलं तरी चालतं, म्हणून.”

बाईंनी पदर तोंडाशी धरला. त्या रागावल्या असतील, रडल्या असतील, मला दिसलं नाही. मला दिसली ती पाववाल्याची मुलगी. ती कुंपणापाशी आली आणि त्या मुलाला नाही, मला म्हणाली, “सर, मी माणगावला येते. पण हे माझ्या गाडीत नकोत.”

“म्हणजे?”

“सकाळच्या गाडीने मी जाते. हे दुपारच्या गाडीने येऊ देत. परतताना पण तसंच.”

दुपारची गाडी थेट माणगावला जात नसे. म्हसळ्याला उतरून दुसरी पकडावी लागे आणि तिच्यात बहुतेक वेळा उभंच राहावं लागे. पाववाल्याने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे जमवाल, मास्तर?”

“जमवतो,” मी म्हटलं. शाळेला न विचारता मी दिलेला तो पहिला शब्द. त्याने मातीचे हात धुतले, पुसले, आणि फॉर्मवर उर्दूत सही केली.

हेडमास्तर माझ्यावर फार चिडले. “शाळेत हे दोन गट कशाला पाडताय?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गट पहारीने पडले, मी फक्त वेळापत्रक करतोय. असं उर्मट मी त्यांच्याशी पूर्वी कधी बोललो नव्हतो. ज्यांच्या फीमाफीवर शिकलो त्यांच्याशी तर नाहीच. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि मग परवानगीच्या कागदावर सही केली.

आमच्या घरी पाववाल्याला हाक मारणं बंद झालं. मुलगा पुढे कित्येक महिने अर्धाच जेवत असे. राहिलेलं मी संपवत असे, त्याची मला सवय होती. तो काही त्यामुळे वाळला नाही. गावात मात्र धाक सुरूच राहिला. फरक एवढाच की आता हाक मारली तरी पाववाला थांबत नसे, पेटी सावरून सरळ पुढे जात असे. पाववाला अलीकडे फार शेफारला आहे, असं बऱ्या घरांत बोललं जाऊ लागलं.

मार्चमध्ये सकाळच्या गाडीत ती माझ्या पुढच्या बाकावर खिडकीशी बसली. मांडीवर भूमितीचं पुस्तक होतं. घाट लागेपर्यंत तिने ते मिटलं नाही. माणगावला ती बापाच्या ओळखीच्या एका घरी उतरली. ते चौघं दुपारच्या गाडीने आले, संध्याकाळी धर्मशाळेत पोचले तेव्हा पायांना कळा लागल्या म्हणत होते.

आम्ही परतलो तेव्हा शाळेत एक अर्ज येऊन पडला होता. वकीलसाहेबांनी टंकलिखित करून पाठवला होता, खाली आणखी दोन पालकांच्या सह्या होत्या. त्यात लिहिलं होतं की त्यांच्या पाल्यांना बसण्याच्या जागेच्या बाबतीत हेतुपुरस्सर वेगळी वागणूक देण्यात आली, आणि सरकारने नुकताच एकात्मतेचा पुरस्कार केलेला असताना हा प्रकार अत्यंत निंद्य आहे. मी शाळेचं जुनं दप्तर चाळून पाहिलं. आमच्या शाळेत कोणीही भेदभावाची लेखी तक्रार केल्याची ती पहिलीच वेळ होती.

हेडमास्तरांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. “उत्तर तुम्हीच लिहा,” म्हणाले. मी लिहिलं. वेगळी वागणूक दिली गेली हे खरं आहे, आणि का, ते पाल्यांना विचारावं, त्यांना माहीत आहे.

जूनमध्ये निकाल लागला. पाचही जण पास झाले, मुलगी पहिल्या वर्गात. तिला पुढे कुठे पाठवावं हे विचारायला तिचा बाप शाळेत आला, आणि हेडमास्तरांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, “आधी गाडीचं सांगा. सकाळची कुठली हाय?”